आंधळी मोजणी

एकाच घरातल्या दोन बहिणींनी एकाच प्रयोगशाळेत काम करू नये, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. सांगणाऱ्यांत थोरलीचा नवरा होता, संस्थेचे संचालक होते, आणि ज्याचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता तो कँटीनवालाही होता. थोरलीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि करायचं तेच केलं. ती प्रयोगशाळेची प्रमुख होती. धाकटीला तिने डॉक्टरेटच्या संशोधनासाठी आपल्याच हाताखाली घेतलं. लोक थोरलीला मॅडम म्हणत. धाकटीला तोंडावर काही म्हणत नसत, पाठीमागे 'मॅडमचं शेपूट' म्हणत. धाकटीच्या कानावर ते आलं होतं. शेपूट तर शेपूट. शेपूट नसलेला पक्षी उडवून दाखवा म्हणावं, असं ती मनातल्या मनात त्यांना सुनवायची.

आणि तिचं काही चुकत नव्हतं. तिथलं सगळ्यात किचकट काम तिच्याच हातात होतं.

काम असं. पक्षीघरात दोन जातींचे, चिमणीएवढे पक्षी पाळलेले होते. एक तांबडगळे, दुसरे राखगळे. दोघं एकाच भावकीतले. उत्क्रांतीच्या हिशेबाने बघायचं तर कालपरवाच वेगळे निघालेले. गळ्याचा रंग सोडला तर अंगाने, चोचीने आणि भांडखोरपणाने सारखेच. पण अंड्यातल्या पिवळ्या बलकाभोवती एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, लॅबमध्ये सगळे त्याला 'साय' म्हणायचे, आणि त्या सायीतलं एक प्रोटीन या दोन जातींत भराभर बदललेलं होतं. अंगातली बाकीची प्रोटीनं होती तिथेच बसलेली, हे एकटंच धावत सुटलेलं. नराच्या शुक्राणूला आत शिरायचं तर सायीला भोक पाडावं लागतं, आणि भोक पाडण्याआधी याच प्रोटीनला चिकटावं लागतं. तेव्हा थोरलीचा प्रश्न साधा होता. प्रोटीन एवढं बदललंय, तर शेजारच्या जातीच्या शुक्राणूला ही साय ओळखते की नाही?

उत्तर भोकं मोजून मिळणार होतं. काही माद्यांना आपल्याच जातीच्या नराच्या वीर्याचा थेंब द्यायचा, काहींना शेजारच्या जातीच्या. मादीने अंडं घातलं की ते अलगद उचलायचं आणि घरट्यात मातीचं रंगवलेलं अंडं ठेवायचं. मादी बिचारी त्याच्यावर बसून राहते आणि दुसऱ्या दिवशी पुढचं घालते. मग खरं अंडं फोडून बलकावरची साय पाण्यात सोडवायची, चिमट्याने आणि बारीक ब्रशने स्लाइडवर पसरायची, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली भोकं मोजत बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. एकदा करून बघावं. समोरच्याने जोरात श्वास सोडला तरी ती साय गोळा होते आणि सकाळ फुकट जाते.

मोजणी आंधळी असायची. म्हणजे पसरून झालेल्या स्लाइड थोरलीकडे जायच्या, ती वरचं जातीचं नाव कागद चिकटवून झाकायची, नुसता नंबर टाकायची आणि सगळ्या मिसळून मोजायला परत द्यायची. कुठला नंबर कोणाचा, ते एकट्या थोरलीला ठाऊक. ही साय शेजाऱ्याची आहे हे मोजणाऱ्याला आधीच कळलं, तर त्याचा डोळा नकळत पक्षपात करतो, म्हणून ही खबरदारी. धाकटी कामाला लागली त्या दिवशी थोरलीने तिला पक्षीघराच्या दारात थांबवून सांगितलं होतं.

"हे बघ, घरी मी तुझी ताई आहेच. इथे एक गोष्ट पक्की. कुठला नंबर कोणाचा, हे तू मला कधी विचारायचं नाही. आणि तुझी मोजणी मी कधी तपासणार नाही. तपासायची ती बाहेरचा माणूस तपासेल, अगदी शेवटी, तुला सांगून, तुझ्यासमोर. नाहीतर लोक म्हणतील, एकीने मोजलं आणि दुसरीने मान डोलावली."

"शब्द?"

"शब्द."

ताईचा शब्द म्हणजे काय, हे धाकटीला लहानपणापासून माहीत होतं. आई लवकर गेली. धाकटीला ताप आला की औषध पाजायचं काम ताईकडे. ती आधी स्वतः एक चमचा प्यायची आणि चेहऱ्यावरची रेघही न हलवता सांगायची, "कडू आहे. पण लगेच संपतं." गोड आहे, असं तिने एकदाही सांगितलं नाही. तेव्हापासून धाकटीने मनाशी खूणगाठ बांधली होती की जगात कोणी काही सांगो, ताई सांगते ते खरं.

पहिल्या हंगामाची मोजणी पुरी झाली आणि निकाल बघून संचालकांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. संचालक स्वतः चहा मागवतात, हे संस्थेत आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. आपल्या जातीच्या नराची भोकं भरपूर होती, शेजाऱ्याची अगदी तुरळक. सायीने भावकी तोडली होती. धाकटीच्या प्रबंधाचा कणाच तो. ती परिषदेला गेली तेव्हा अनोळखी माणसं येऊन विचारायची, "भोकं मोजणाऱ्या त्या तुम्हीच का?" पदवी आता हाताच्या अंतरावर होती, फक्त आणखी थोडी अंडी मोजून निकाल पक्का करायचा राहिला होता.

नेमके तिथेच ग्रह फिरले. पक्षीघराचं छप्पर गळायला लागलं म्हणून दुरुस्तीची माणसं आली आणि त्यांच्या ठोकाठोकीने माद्यांनी अंडी घालणंच बंद केलं. "अंड्यांवाचून अडलंय," असं थोरली रोज जेवताना म्हणायची आणि भाऊजी रोज एकच उत्तर द्यायचे. "तुम्ही दोघी अंडी फोडता ती मोजायला. एखादं आम्हाला खायला आणा की." या घरात अंडं शिजून वर्षं लोटली होती. दिवसभर बलकात हात घालणाऱ्या बायकांना घरी तो वास नकोसा व्हायचा. धाकटी याच घरात मागच्या खोलीत राहायची. सकाळी दोघी एकाच पातेल्यातलं दोन डब्यांत भरून निघायच्या आणि संध्याकाळी एकाच दाराने आत यायच्या.

अंडी नव्हती, पण धाकटीच्या टेबलावरचा ट्रे काही रिकामा राहीना. रोज सकाळी नव्या नंबरांच्या स्लाइड हजर. एरवी सायीला निळा रंग दिलेला असायचा, त्यात शुक्राणूंची डोकी चमकायची. या स्लाइडवर तो रंगच नव्हता. नुसती साय आणि तिच्यातली भोकं.

"निळा रंग का नाही गं?" धाकटीने विचारलं.

"वेगळी पद्धत करून बघतेय. भोकं दिसतायत ना नीट?"

"दिसतायत. पण अंडी आणलीस कुठून?"

"मागच्या हंगामातलीच आहेत," थोरली म्हणाली आणि फोन कानाला लावून बाहेर गेली. फोन वाजलेला नव्हता. धाकटीच्या ते लक्षात आलं, पण तिने मनावर घेतलं नाही. प्रमुखाला शंभर व्याप असतात.

मग एका सोमवारी सकाळी तिच्या मायक्रोस्कोपखाली एक केस आला.

ब्रशचा केस होता तो. मागच्या हंगामात एका राखगळीची साय पसरताना तिला शिंक आली होती. चिमट्याचं टोक लागून सायीचा कोपरा फाटला होता, आणि ब्रशचा एक केस खाली अडकला होता. काढायला जावं तर उरलेलीही फाटेल, म्हणून तिने तो तसाच ठेवला होता आणि स्वतःला चार शिव्या हासडल्या होत्या. तो केस, तो फाटका कोपरा, तीच साय आता वेगळ्या नंबराने तिच्यासमोर पडली होती.

धाकटीने डोळा बाजूला घेतला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. केस जागेवरच होता.

मग तिने ट्रेमधली दुसरी स्लाइड घेतली, तिसरी घेतली. गर्दीत एक ओळखीचा भेटला की आणखी चार दिसायला लागतात, तसं झालं. ही उजवीकडे घडी पडलेली. ही बुडबुडा राहिलेली. ही बदामाच्या आकाराची. सगळ्या तिने स्वतःच्या हाताने पसरलेल्या, मोजलेल्या, परत केलेल्या. अंडी कुठून येत होती ते तिला कळलं. कुठूनच येत नव्हती. ताई त्याच त्या सायी धुऊन, नवे नंबर डकवून, पुन्हा तिच्या गळ्यात मारत होती. अंडी कमी पडली म्हणून एकेका अंड्याची दोन करत होती.

तपासणी असेल का, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. तिने ते लगेच झटकलं. तपासणी बाहेरचा माणूस करणार, शेवटी करणार, सांगून करणार. ताईने शब्द दिला होता. ताईने शब्द मोडला असेल, हे तिला खरं वाटेना. ताईने खोटी अंडी दाखवली असतील, हे मात्र वाटलं. माणसाच्या मनाचा न्याय हा असा असतो, त्याच्यापुढे वकील चालत नाही.

आणि तिला फार लागलं. रागाच्या आधी लाज आली. आपल्या बोटांनी, आपल्या डोळ्यांनी, ताईने हे करवून घेतलं. उद्या कोणी विचारलं की मोजलं कोणी, तर हिनेच. मॅडमचं शेपूट. ज्या माणसाने कडूला कडू म्हणायला शिकवलं, त्याने एवढ्या वर्षांनी साखर लावलेली गोळी हातावर ठेवली, आणि आपण ती गिळत होतो. परिषदेत आपल्याला विचारणारी ती माणसं तिला आठवली आणि कानशिलं तापली.

तिने विचारलं नाही. रोज ठरवायची, आज विचारू. मग संध्याकाळी ताई भात वाढायची, "आज गप्प का? बरं वाटत नाही का?" म्हणायची, आणि धाकटी म्हणायची, "काही नाही, डोळे दुखतायत." ताई मग तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघायची, ओठ हलायचे, आणि शेवटी भाजीचं पातेलं पुढे सरकवायची. चोराच्या मनात चांदणं, असं धाकटीला वाटायचं. बोलेल, आज ना उद्या स्वतःहून बोलेल, म्हणून ती वाट बघत राहिली. ताई बोलली नाही. भाऊजींनी दोन-तीन विनोद करून पाहिले, कोणी हसलं नाही, तेव्हा तेही खाली मान घालून जेवायला लागले.

आठवडा असा काढला आणि पुढच्या सोमवारी धाकटी जिना चढून सरळ संचालकांच्या खोलीत गेली.

संचालक सज्जन होते, म्हणजे त्यांना कटकट नको असायची. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळ चोळलं आणि विचारलं, "मॅडमशी बोललात?"

"नाही."

"एकदा बोलून..."

"सर, त्या माझ्या बहीण आहेत. म्हणूनच मी तुमच्याकडे आले."

हे वाक्य तिने जिना चढताना तयार केलं होतं. तेव्हा ते फार बाणेदार वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठकीच्या खोलीत चौघं बसली. संचालक, दुसऱ्या संस्थेतून बोलावलेल्या एक परीक्षकबाई, आणि टेबलाच्या दोन टोकांना दोघी बहिणी. परीक्षकबाईंनी जन्मभर पक्ष्यांच्या अंड्यांवरच काम केलेलं होतं. त्या कमी बोलायच्या. मध्ये एक मायक्रोस्कोप आणून ठेवला होता आणि शेजारी तो ट्रे. त्या दिवशी सकाळी दोघी पहिल्यांदाच वेगवेगळ्या बसने आल्या होत्या.

"मॅडम," संचालक म्हणाले, "मागच्या हंगामातल्या स्लाइड नवे नंबर टाकून पुन्हा मोजायला दिल्या, अशी तक्रार आहे. खरं आहे का?"

"खरं आहे," थोरली म्हणाली.

धाकटीला वाटलं होतं ती नाकारेल.

"का दिल्या?"

"ते मी लेखी देईन. मला थोडे दिवस द्या."

"थोडे दिवस कशाला? आत्ता सांगा ना."

थोरलीने एकदा धाकटीकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि धाकटीला त्याचाच जास्त राग आला. पकडल्यावरसुद्धा मोठेपणा सुटत नाही, असं तिला वाटलं.

परीक्षकबाई धाकटीकडे वळल्या. "नावं झाकलेली आहेत, नंबर बदललेले आहेत. मग या त्याच स्लाइड आहेत, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"त्याच आहेत, मी मान्य केलंय," थोरली मध्येच म्हणाली. आवाज एकदम चढला होता. "तिला हे विचारायची गरज नाही."

"आहे गरज!" धाकटी म्हणाली. "मला सांगायचंय."

"अगं, नको."

"का नको? मला दिसतच नाही, असं वाटलं होतं ना तुला?"

ती उठली. केस अडकलेली स्लाइड तिने मायक्रोस्कोपखाली लावली आणि परीक्षकबाईंना फाटका कोपरा दाखवला, केस दाखवला. मग दुसरी, मग तिसरी. तिचा हात बसलेला होता, आणि आपला हात बसलाय हे तिला पहिल्यांदाच चारचौघांत दाखवता येत होतं. आजवर तिचं कौतुक व्हायचं ते मॅडमच्या कामाचं म्हणून. आज ती स्वतःच्या नावाने बोलत होती. ती बोलत सुटली.

"मला नाव लागतच नाही, बाई. राखगळीची साय घट्ट विणीची असते, तांबडगळीची सैल. बघितलं की कळतं. आणि निळा रंग असला तर नराचंही कळतं. तांबडगळ्याच्या शुक्राणूचं डोकं लांब आणि पिळाचं, राखगळ्याचं आखूड. मागच्या हंगामातली कुठलीही स्लाइड लावा, मी लगेच सांगेन, मादी कोण, आणि थेंब घरचा की शेजाऱ्याचा."

बोलून ती थांबली. शाबासकीची वाट बघत होती म्हणा ना.

थोरलीने डोळे मिटून घेतले होते. संचालकांना काही कळलं नव्हतं, ते याच्या त्याच्या तोंडाकडे बघत होते. परीक्षकबाईंनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

"म्हणजे मागच्या हंगामात मोजताना, कुठली स्लाइड शेजाऱ्याची आहे हे तुम्हाला कळत होतं," त्या म्हणाल्या. दरडावून नाही, हळूच.

"मी मुद्दाम बघत नव्हते. ते दिसायचं."

"आणि अर्धवट भोकांचं काय करत होता? भोक आहे की सायीची सुरकुती, हे ठरवता येत नाही, ती?"

अर्धवट भोकं प्रत्येक सायीवर असतात, पुष्कळ असतात. त्यांचं काय करायचं याचा धाकटीने कधी विचारच केला नव्हता. हात करायचा. घरच्या नराचं असलं तर ते भोक वाटायचं आणि बोट मोजणीच्या बटणावर पडायचं. शेजाऱ्याचं असलं तर ती सुरकुती वाटायची. एवढंच. तिने एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि एकही खरा लिहिला नव्हता. सायीने नव्हे, तिनेच भावकी तोडली होती. उभ्या उभ्या तिला हे समजलं.

"तुम्हाला माहीत होतं?" परीक्षकबाईंनी थोरलीला विचारलं.

थोरलीने डोळे उघडले. आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं?

"संशय होता. एकदा ही मोजत असताना मी मागून जात होते. ही स्वतःशीच पुटपुटली, 'आला बाई शेजारी.' तिला आठवतही नसेल. मी घरी गेले आणि झोप लागली नाही. चूक माझी आहे. कागद चिकटवला म्हणजे डोळे झाकले, असं मी धरून चालले होते. मग जुन्या सायींवरचा निळा रंग धुऊन काढला, नंबर बदलले, आणि तिला पुन्हा दिल्या. या मोजण्या मी नव्या अंड्यांत धरलेल्या नाहीत, वेगळ्या ठेवल्यात."

"आणि?"

"शेजाऱ्याची भोकं वाढली. जवळजवळ घरच्याइतकी झाली."

"म्हणजे साय ओळखते."

"ओळखते. प्रोटीन बदललंय, ते खरंच आहे. पण ओळख गेलेली नाही." थोरलीने ट्रे स्वतःकडे ओढला आणि स्लाइड सरळ रांगेत लावायला लागली, कोणी सांगितलेलं नसताना. "हा ट्रे संपला की तिला सांगणार होते. मग बाहेरच्या माणसाकडून सगळं मोजून घेऊन आम्ही दोघींनी मिळून दुरुस्ती जाहीर केली असती. अशा दुरुस्त्या होतात. आपणच आपली चूक सांगितली की लोक समजून घेतात. तिचा प्रबंध उशिरा झाला असता, पण झाला असता."

संचालकांना आता कळलं होतं. ते खाकरले. "पण आता ही तक्रार आहे, मॅडम. चौकशी बसणार. तुम्ही आपणहून सांगितलं, असं मला आता लिहिता येणार नाही. प्रबंध थांबवावा लागेल. आणि प्रयोगशाळासुद्धा... म्हणजे तुमच्याकडून काढून... काही काळ."

"हो," थोरली म्हणाली.

धाकटीला ताईजवळ जायचं होतं. ती उभी होती तिथेच राहिली. थोरली कागद गोळा करून निघून गेली, तेव्हा तिने दार ओढून घेतलं, आपटलं नाही.

संध्याकाळी घरी स्वयंपाक झालेला होता. कोणाचं काही होवो, ताईचा स्वयंपाक वेळेवर व्हायचा. भाऊजींना सगळं कळलेलं दिसत होतं. त्यांनी आपलं ताट उचललं आणि बाहेरच्या खोलीत नेलं. दोघी समोरासमोर बसल्या. जेवण झालं, म्हणजे ताटातलं इकडचं तिकडे झालं.

"तू शब्द दिला होतास," धाकटी म्हणाली. माफी मागायची होती. तोंडातून हे आलं.

"दिला होता. मोडला."

"सांगायचं तरी मला."

"सांगितलं असतं तर तू डोळ्यांत तेल घालून मोजलं असतंस. मग मला काय कळलं असतं?" ताईने पाण्याचा पेला उगाच फिरवला. "रोज ट्रे ठेवताना वाटायचं, मीच खोटी पडू दे."

"इतके दिवस न सांगता माझी परीक्षा घेत होतीस. आणि रोज माझ्याशी हसून बोलत होतीस. कसं जमलं तुला?"

"नाही जमलं. तुला दिसलं नाही का?"

धाकटीला दिसलं होतं. तिने त्याचा दुसराच अर्थ लावला होता.

"तो केस तुला कधी दिसला?" ताईने विचारलं.

"गेल्या आठवड्यात. सोमवारी."

"म्हणजे आठवडाभर मी तुझ्या लेखी चोर होते."

"मला तसं वाटलं, ताई. मला वाटलं, अंडी कमी पडतायत म्हणून..."

"मी तुला फसवलं, हे खरंच आहे. ते मी नाकारत नाही. पण मी तुझ्याबद्दल काय धरलं होतं? तुझ्या डोळ्याची चूक होतेय, एवढंच. तू लबाडी करतेस, असं एक दिवस माझ्या मनात आलं नाही." ताईचा आवाज कुठेच चढला नाही. "तू मात्र पहिल्या दिवशीच ठरवलंस, की मी लबाड. आणि आठवडाभर माझ्या हातचं जेवलीस. मी रोज विचारलं, काय होतंय म्हणून. रोज तू म्हणालीस, डोळे दुखतायत."

"मी वाट बघत होते. तू सांगशील म्हणून."

"हो ना," ताई म्हणाली. "आणि सांगायला गेलीस ती संचालकांना."

ती उठली, दोघींची ताटं उचलली आणि नळाखाली धरली. धाकटी तिच्या पाठीकडे बघत राहिली. तिला काय काय म्हणायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं. तूही चुकलीस म्हणायचं होतं. लहान होऊन कमरेला मिठी मारायची होती, पण तेवढं लहान होणं आता तिच्या हातात राहिलं नव्हतं.

"मी दुसरीकडे खोली बघते," ती म्हणाली.

बोलल्यावर ती तशीच थांबली. ताई वळेल, वेडी आहेस का म्हणेल, ओला हात झटकून दोन बोटांनी तिच्या डोक्यात टपली मारेल, म्हणून थांबली.

ताईने नळ बंद केला. ताटं पुसून जागेवर ठेवली.

"बघ," ती म्हणाली.